पॉवरसीकर ७० एझेड : भिंग चांगलं, पाय कच्चे, फोकस शिकून घ्यावा लागतो

सेलेस्ट्रॉनची पॉवरसीकर ७० एझेड पहिली दुर्बीण म्हणून घ्यावी का? घ्यावी, पण एका अटीवर. खोक्यातल्या दोन वस्तू पहिले दोन-तीन महिने बाहेर काढायच्याच नाहीत : ४ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) आणि तीनपट बार्लो (प्रतिमा आणखी मोठी करणारं जोडभिंग). एवढं पाळलं तर चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी, मृगातला तेजोमेघ हे सगळं ही दुर्बीण घराच्या गच्चीवरून दाखवते. पाळलं नाही तर पहिल्याच रात्री काळोखाशिवाय काही दिसत नाही, आठवड्याभरात दुर्बीण माळ्यावर जाते आणि विनाकारण तिलाच दोष लागतो.

आधी आकडे बघू, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यांच्यावरच ठरते. वस्तुभिंगाचा (पुढच्या मोठ्या भिंगाचा) व्यास ७० मिमी, नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी, म्हणजे व्यासाच्या दहापट, यालाच एफ/१० म्हणतात. अंधारात पूर्ण उघडलेल्या डोळ्याच्या बाहुलीच्या मानाने हे भिंग १०० पट प्रकाश गोळा करतं. सोबत २० मिमी आणि ४ मिमीचे दोन आयपीस, तीनपट बार्लो, प्रकाश वळवून सुलट प्रतिमा देणारा ४५ अंशांचा प्रिझम डायगोनल, ५ x २४ चा (पाचपट, २४ मिमीचा) फाइंडर म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, आणि अॅल्युमिनियमची तिपाई येते. किती पट मोठं दिसणार हे काढायला नाभीय अंतराला आयपीसच्या मिमीने भागायचं. ७०० भागिले २० म्हणजे ३५ पट, ७०० भागिले ४ म्हणजे १७५ पट. बार्लो लावला की हेच आकडे १०५ आणि ५२५ होतात.

मेख इथेच आहे. कुठल्याही दुर्बिणीची उपयोगी वर्धनाची कमाल मर्यादा ढोबळपणे तिच्या मिमीमधल्या व्यासाच्या सव्वादोन-अडीच पट असते. ७० मिमीला ती सुमारे १६५ पट. म्हणजे सोबत दिलेला ४ मिमीचा आयपीस बार्लोशिवायच मर्यादा ओलांडतो आणि ५२५ पट हा आकडा आकाशात कुठेही कामाचा नाही. ७० मिमीचं भिंग साधारण पावणेदोन विकलांपेक्षा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बारीक तपशील वेगळा करू शकत नाही. प्रतिमा कितीही फुगवली तरी त्यात नवा तपशील येत नाही, ती फक्त पुसट आणि काळपट होत जाते. ५२५ पटीला आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका जेमतेम ०.१३ मिमी जाडीची उरते. त्यात डोळा नेमका धरणं कठीण, आणि धरलाच तर स्वतःच्या डोळ्यातल्या तरंगत्या कचऱ्याच्या सावल्या आधी दिसतात. ३५ पटीला हीच शलाका २ मिमीची असते, डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं.

वस्तुभिंग मात्र या किमतीच्या मानाने खरोखर चांगलं आहे. दोन काचांचं अॅक्रोमॅट, म्हणजे रंगदोष घटवणारं भिंग, आणि एफ/१० असल्यामुळे रंगदोष कमी. चंद्राच्या कडेला, शुक्राभोवती आणि व्याधाभोवती जांभळट किनार दिसते, ती या प्रकारच्या भिंगाचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. शिवाय भिंगांची दुर्बीण असल्यामुळे आरशांच्या दुर्बिणीसारखी वारंवार जुळणी करावी लागत नाही. नवशिक्यासाठी ही सोय मोठी आहे.

जोडणी

पाय खोलून उभी करायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. पाय पूर्ण लांब करू नका. खालचे दांडे आत असतानाच तिपाई सर्वात स्थिर असते, आणि बसून पाहिलं तर तेवढी उंची पुरते. मधली ट्रे ही नुसती आयपीस ठेवायची जागा नाही, तिन्ही पायांना ताण देणारी ती एकमेव गोष्ट आहे. तिचे स्क्रू ढिले राहिले की दुर्बीण हातभर हलते. सर्व घट्ट झाल्यावर ट्रेच्या खाली, मधोमध, दोन-तीन किलो वजनाची पिशवी लटकवा. ती झुलता कामा नये; तळ जमिनीला किंचित टेकेल अशी बांधा. पायांखाली जुन्या योगा मॅटचे तुकडे ठेवले तर कंप लवकर शमतात. एवढं करूनही फोकसचा नॉब सोडल्यावर चित्र दोन-तीन सेकंद थरथरतं. ही तिपाई या दुर्बिणीची सर्वात कच्ची बाजू आहे, आणि त्याला उपाय एकच : हात काढून घ्यायचा, थांबायचं, मग पाहायचं.

नळी बेचक्यासारख्या माउंटमध्ये, म्हणजे तिपाईवरच्या फिरत्या जोडात, बसते. दोन्ही बाजूंचे नॉब सारखेच आवळायचे. एका बाजूचा जास्त आवळला की नळी वर-खाली करताना अडखळते. वर-खालीच्या बारीक हालचालीसाठी एक दांडी येते, तिचं एक टोक नळीला आणि दुसरं माउंटला जोडायचं, आणि तिच्यावरची दातेरी चकती फिरवायची. डावी-उजवीकडे मात्र बारीक हालचालीची सोयच नाही, तिथे हाताने हळू ढकलावं लागतं. आडव्या हालचालीचा नॉब पूर्ण सैल ठेवू नका, थोडा घर्षणात राहील इतका आवळून ठेवा. नाहीतर ढकललं की नळी लक्ष्य ओलांडून जाते.

माउंटची आणखी एक खोड माहीत हवी. तारा मधोमध आणून नॉब आवळला की नळी किंचित खचते आणि तारा मध्यापासून सरकतो. म्हणून आवळण्याआधी नळी तेवढीच जास्त वर ठेवायची, म्हणजे खचल्यावर तारा मध्यावर येतो. नळी पुढे-मागे सरकवून तोल साधायची सोय या माउंटला नाही, त्यामुळे हा दोष नाहीसा करता येत नाही, फक्त हिशेबात धरता येतो.

डायगोनल ४५ अंशांचा असल्याने डोक्यावरचा तारा पाहायला जवळजवळ गुडघ्यांवर यावं लागतं. क्षितिजापासून ३० ते ६० अंशांमधलं आकाश निवडा. ३० अंशांच्या खाली गेलात की डोक्यावरच्या मानाने दुपटीहून जास्त हवेतून पाहावं लागतं आणि ग्रह उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखे दिसतात.

सूर्य

दिवसाची कामं सांगण्याआधी हे सांगणं भाग आहे. या दुर्बिणीतून किंवा तिच्या फाइंडरमधून सूर्याकडे क्षणभरही पाहायचं नाही. डोळयातला पडदा जळतो आणि जळताना दुखत नाही, त्यामुळे कळायला उशीर होतो. आयपीसला लावायचा काळा सूर्यफिल्टर कुठून मिळाला तर फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो, आणि तेव्हा डोळा आयपीसलाच लावलेला असतो. सूर्य पाहायचाच असेल तर फिल्टर पुढच्या तोंडावर, वस्तुभिंगाच्याही पुढे, पूर्ण झाकणारा आणि खास सूर्यनिरीक्षणासाठी बनवलेलाच हवा, आणि फाइंडर काढून ठेवायचा. गच्चीवर दिवसा दुर्बीण उभी असेल आणि घरात लहान मुलं असतील तर झाकणं लावल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

फाइंडर जुळवणं

हे काम दिवसाउजेडीच करा. ‘काहीच दिसत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा न जुळवलेला फाइंडरच असतो. ३५ पटीला दुर्बिणीत आकाशाचा सुमारे १.४ अंशांचा तुकडा दिसतो, म्हणजे जवळजवळ तीन पौर्णिमेचे चंद्र शेजारी-शेजारी मावतील एवढा. संपूर्ण आकाशात एवढ्याशा खिडकीत नेमका तारा अंदाजाने आणणं अवघडच.

२० मिमीचा आयपीस लावा. किमान अर्धा किलोमीटर लांबचं, टोकदार आणि न हलणारं काहीतरी निवडा : मोबाइल टॉवरचं टोक, पाण्याच्या टाकीवरचा दिवा, देवळाचा कळस. सूर्याच्या विरुद्ध दिशेचं. नळीच्या वरून बंदुकीसारखी नजर लावून रोख साधा, मग आयपीसमधून शोधा, फोकस करा आणि टोक मधोमध आणून दोन्ही नॉब आवळा. आता दुर्बिणीला हात न लावता फाइंडरमध्ये पाहा. फाइंडरच्या कड्यातल्या तीन स्क्रूंपैकी एक सैल करायचा आणि समोरचे आवळायचे, असं थोडं थोडं करत टोक फुलीच्या मधोमध आणा. दोन्ही बाजू एकदम सैल केल्या तर फाइंडर डुगडुगतो आणि जुळणी टिकत नाही. शेवटी तिन्ही स्क्रू हलकेच घट्ट लागलेले हवेत. मग पुन्हा आयपीसमध्ये पाहा, कारण स्क्रू फिरवताना नळी हमखास हललेली असते. तीन-चार फेऱ्यांत जुळतं.

इथे एक गोंधळ होतो. फाइंडरमधलं चित्र उलटं, डोकं खाली पाय वर असं दिसतं. मुख्य दुर्बिणीत प्रिझममुळे सुलट. त्यामुळे फाइंडरमध्ये तारा डावीकडे दिसला तर नळी कुठे ढकलायची हे पहिल्या रात्री चुकतं. दिवसा दहा मिनिटं सराव केला की हात आपोआप बरोबर वळतो.

रात्री जुळवायची वेळ आली तर ध्रुवतारा घ्या. इतर तारे सरकत राहतात. ३५ पटीला मध्यावर आणलेला मृगातला एखादा तारा तीन मिनिटांच्या आत दृष्टिक्षेत्राबाहेर जातो. ध्रुव मात्र जवळजवळ जागचा हलत नाही. त्याची क्षितिजापासूनची उंची तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढी : पुण्यात साडेअठरा अंश, मुंबईत १९, नागपुरात २१. उत्तरेला इमारत असेल तर मात्र तो हाती लागत नाही. दुर्बीण खोलीतून गच्चीवर नेताना फाइंडर हलतोच, म्हणून रोज संध्याकाळी एखाद्या ठळक ताऱ्यावर किंवा चंद्रावर तपासून घ्या.

फोकस

आता खरं काम. या दुर्बिणीचा फोकसर दातेरी पट्टी आणि चक्राचा आहे : नॉब फिरवला की मागची नळी आत-बाहेर होते. सुट्या भागांचा क्रम ठरलेला आहे. फोकसरच्या नळीत डायगोनल, डायगोनलमध्ये आयपीस, आणि दोन्हीकडचे छोटे स्क्रू आवळलेले. डायगोनल टाळून आयपीस थेट फोकसरमध्ये घातला तर फोकस बहुधा मिळतच नाही. डायगोनलमधून जाताना प्रकाश जे काही सेंटिमीटर अंतर कापतो ते धरूनच नळीची लांबी ठरवलेली असते. डायगोनल काढला की फोकसर पूर्ण बाहेर काढूनही तेवढं अंतर भरून निघत नाही. बार्लो वापरायचाच झाला तर तो डायगोनल आणि आयपीस यांच्या मध्ये लावायचा. डायगोनलच्या आधी लावला तर वर्धन तीनपटीहूनही वाढतं, म्हणजे दुखणं वाढतं.

फोकसची जागा लक्ष्य किती लांब आहे त्यावर बदलते, आणि किती बदलते हे कळलं की निम्मा गोंधळ संपतो. ताऱ्यांसाठी फोकसर जिथे असतो, त्याच्यापेक्षा १० मीटरवरच्या झाडासाठी तो ५ सेंटिमीटरहून जास्त बाहेर काढावा लागतो. ५० मीटरवरच्या समोरच्या इमारतीसाठी सुमारे १ सेंटिमीटर, १०० मीटरवर ५ मिमी, ५०० मीटरवर १ मिमी. आता दुसरा आकडा पाहा : एफ/१० च्या दुर्बिणीत फोकस खरा तीक्ष्ण असतो तो पट्टा मध्यापासून जेमतेम ०.१ मिमी इकडे, ०.१ मिमी तिकडे. म्हणजे दिवसा समोरच्या गॅलरीवर सुरेख फोकस केलेली दुर्बीण रात्री ताऱ्याकडे वळवली की ती योग्य जागेपासून त्या पट्ट्याच्या पन्नास पट लांब असते. अंधुक तारा एवढ्या पसरलेल्या अवस्थेत दिसतच नाही, आणि माणूस समजतो की दिशाच चुकली. म्हणूनच दिवसाचं लक्ष्य अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडचं हवं. त्यावर फोकस झाला की फोकसरच्या नळीवर पेन्सिलने बारीक खूण करून ठेवा. रात्री नॉब त्या खुणेवर आणून सुरुवात केली की तारा ठिपक्याच्या रूपात नसला तरी लहान चकतीच्या रूपात दिसतोच दिसतो.

खूण नसेल तर फोकसर पूर्ण आत घ्या, एखाद्या ठळक ताऱ्यावर दुर्बीण लावा आणि नॉब सावकाश फिरवत नळी बाहेर काढा. आधी मोठी फिकट चकती दिसेल. ती लहान होत गेली तर दिशा बरोबर. लहान, आणखी लहान, मग टिंब, आणि पुढे गेलात की पुन्हा मोठी. नवख्यांचा ठरलेला गैरसमज इथेच होतो : मोठी गोल चकती दिसली की तो ग्रह वाटतो आणि फोकस तिथेच सोडून दिला जातो. लक्षात ठेवा, तारा कधीही मोठा दिसत नाही. सगळ्यात लहान आणि सगळ्यात प्रखर टिंब हाच फोकस.

शेवटचा टप्पा सोडून देऊ नका. टिंब झालं की मुद्दाम थोडं पुढे जा, ते फुगलेलं दिसू द्या, मग मागे या. दोन्ही बाजूंना सारखंच फुगणं ज्या दोन जागी दिसतं, त्यांच्या मधोमध थांबा. दाते आणि चक्र यांच्यात थोडी ढिलाई असते, त्यामुळे शेवटची हालचाल नेहमी नळी आत घेणारी ठेवा. नळी वर रोखलेली असताना फोकसरचं वजन त्याला बाहेरच्या, खालच्या बाजूला ओढतं, आणि आत घेताना दाते एकमेकांना घट्ट लागून राहतात. नॉबला एकच बोट आणि अंगठा, तळहात नळीला टेकवू नका. मग हात काढा, थरथर थांबू द्या, तेव्हाच ठरवा.

नॉब जड किंवा फारच सैल वाटत असेल तर दोन नॉबच्या मधल्या पट्टीवर छोटे स्क्रू असतात. ते एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवून ताण बदलता येतो. थंडीत आतलं ग्रीस घट्ट होऊन फोकसर अडखळतो, तो दोन-चार वेळा पूर्ण आत-बाहेर केला की मोकळा होतो.

घरात चार माणसं रांगेने पाहणार असतील तर प्रत्येकाने फोकस आपला आपण करायचा. जवळचा किंवा लांबचा नंबर असलेल्यांनी चष्मा काढून पाहिलं तरी चालतं, फोकसर तो फरक भरून काढतो. सिलिंड्रिकल नंबर मात्र फोकसने भरून निघत नाही; तो जास्त असेल तर चष्मा ठेवूनच पाहा. २० मिमीच्या आयपीसला ते जमतं, ४ मिमीला नाही, कारण तिथे डोळा काचेला जवळजवळ टेकवावा लागतो. आयपीस बदलला की फोकस पुन्हा करावा लागतो, हेही गृहीत धरा.

सगळं बरोबर करूनही चित्र स्वच्छ होत नसेल तर कारण बहुतेक दुर्बिणीबाहेर असतं. खिडकीच्या काचेतून पाहताय का? खिडकीची काच दुर्बिणीच्या दर्जाची नसते, दुहेरी-तिहेरी प्रतिमा येतात. उघड्या खिडकीतूनही घरातली गरम हवा बाहेर वाहत असते. गच्चीचा स्लॅब एप्रिल-मे मध्ये रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, त्यामुळे संध्याकाळी सातला उकळणारा ग्रह पहाटे निश्चल दिसतो. एसीच्या खोलीतून दुर्बीण बाहेर काढली तर भिंगावर दव धरतं, आणि एरवीही नळीचं तापमान बाहेरच्या हवेशी जुळायला वीसेक मिनिटं द्यावी लागतात. आणि एक अगदी साधी गोष्ट : अशा दुर्बिणींच्या पुढच्या मोठ्या झाकणात बऱ्याचदा एक छोटं झाकणही असतं. तेवढंच काढलं तर चंद्र दिसतो, तारे गायब होतात. मोठं झाकण पूर्ण काढा.

फोकस नीट झाला की नाही हे ठरवायला सप्तर्षीतला वसिष्ठ ही उत्तम कसोटी आहे. फेब्रुवारी ते जुलै संध्याकाळच्या आकाशात तो सोयीचा असतो. नुसत्या डोळ्यांनी शेजारी अरुंधती दिसते. ३५ पटीला अरुंधती तर खूप लांब जातेच, पण खुद्द वसिष्ठही दोन ताऱ्यांत फुटतो, त्यांच्यात साडेचौदा विकलांचं अंतर आहे. ते दोन तारे स्वतंत्र टिंबं दिसले तर फोकस बरोबर. पुनर्वसूतला कॅस्टर त्याच्यापुढची परीक्षा : पाच-साडेपाच विकला, त्याला ७० पट किंवा जास्त लागतं.

काय दिसतं

चंद्र शुक्ल पक्षात पंचमीपासून दशमीपर्यंत पाहावा, पौर्णिमेला नाही. पौर्णिमेला सावल्या नसतात आणि विवरं सपाट दिसतात. पंचमी-षष्ठीला प्रकाश-अंधाराच्या सीमेवर थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन मोठी विवरं ओळीने दिसतात. दशमीच्या सुमाराला ९३ किलोमीटर व्यासाचं कोपर्निकस उजेडात येतं, त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती आणि मधली शिखरं वाढीव वर्धनाला स्पष्ट ओळखता येतात.

गुरू प्रतियुतीच्या (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असण्याच्या) सुमारास ३५ पटीला नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्रापेक्षा थोडा लहान दिसतो. चार चंद्र एका रेषेत, आणि तासाभरात त्यांची जागा हललेली कळते. दोन मुख्य पट्टे ७० पटीला येतात. मोठा लाल डाग ७० मिमीत दिसेल अशी आशा धरू नका. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्या नजरेला कडेवर आली होती, त्यामुळे सध्या ती बारीक आहेत आणि दरवर्षी थोडी थोडी उघडत जातील. ३५ पटीला शनी लांबट तिळाएवढा, ७० पटीला कडं सुटं दिसतं, आणि जवळच त्याचा चंद्र टायटन. मंगळ निराशा करतो. फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीलाही त्याची चकती १४ विकलांहून लहान असेल. नारिंगी गोळ्यावर फार तर एखादी काळसर छटा.

शहरातून ग्रह, चंद्र आणि जोडतारे बिनधास्त पाहा, त्यांना प्रकाशप्रदूषणाचा फरक पडत नाही. तेजोमेघ आणि दीर्घिका यांना मात्र अंधारच लागतो. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून धुराचा ठिपका वाटतो, तोच काळ्याभोर आकाशाखाली पंख पसरलेला दिसतो. देवयानी दीर्घिका शहरातून शोधण्यात वेळ घालवू नका.

यात पैसे घाला

बार्लोवर नाही, ४ मिमीच्या जागी नाही, तर प्लॉसल जातीच्या, सव्वा इंची नळीच्या एका १० मिमीच्या आयपीसवर. तो ७० पट देतो, शलाका १ मिमीची राहते आणि ७० मिमीच्या भिंगासाठी ही जागा अगदी योग्य आहे. बहुतांश रात्री एवढं वर्धन हवा सहन करते. दुसरा खर्च ९० अंशांच्या आरशाच्या डायगोनलवर करा : मान मोडत नाही आणि ठळक ताऱ्यांवर प्रिझमची जी आडवी चमक येते ती जाते. यात डावं-उजवं उलटं दिसतं, आकाशात त्याने काही बिघडत नाही. तिसरी खरेदी केलीच तर ३२ मिमीचा प्लॉसल : २२ पट, सव्वादोन अंशांचं दृष्टिक्षेत्र, कृत्तिकांचा सगळा पुंजका मोकळेपणाने मावतो.

मागवायची वेळही महत्त्वाची आहे. जून ते सप्टेंबरात मागवली तर परत करायची मुदत ढगांतच संपते. ऑक्टोबरनंतर घ्या, आणि हातात आल्याबरोबर पहिल्या निरभ्र रात्री ताऱ्याची चाचणी करा : १० मिमी लावून ठळक तारा मध्यावर आणा आणि फोकस किंचित बिघडवा. चकतीतली वर्तुळं एककेंद्री आणि गोल हवीत. ती एका बाजूला कललेली, अंडाकृती किंवा त्रिकोणी दिसली तर भिंग नीट बसलेलं नाही किंवा आवळलं गेलं आहे, असा नग बदलून मागा. दिवसा फोकसर पूर्ण लांबीभर फिरवून कुठे अडकतो का ते पाहा आणि पायांचे प्लास्टिकचे क्लॅम्प तडकलेले नाहीत ना ते तपासा.

विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहता आलं तर उत्तम. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम होतात, पणजीत हौशी खगोलप्रेमींची संस्था आहे. तिथे ७० मिमीतून शनी पाहा आणि मगच ठरवा. ज्यांना फोटोच काढायचे आहेत त्यांनी ही घेऊ नये. मोबाइल आयपीसला धरून चंद्राचे फोटो चांगले येतात, त्यापलीकडे ही तिपाई साथ देत नाही. ज्यांच्या घरी मोठी गच्ची आणि थोडं जास्त बजेट आहे त्यांनी १३० मिमीची टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) पाहावी. प्रकाश जवळजवळ साडेतीन पट, पण ती ठेवायला घट्ट टेबल लागतं आणि आरशांची जुळणी शिकावी लागते.

पावसाळ्यात, आणि कोकण-गोव्यात तर वर्षभरच, भिंगावर बुरशी धरण्याचा धोका असतो. एकदा ती काचेवरच्या लेपात शिरली की डाग जात नाहीत. दमट हवेत दुर्बीण मूळ खोक्यातल्या थर्माकोलसकट कपाटात ठेवू नका. हवाबंद पिशवीत किंवा डब्यात १०० ते २०० ग्रॅम सिलिका जेल ठेवा, रंग बदलणारं घ्या, आणि रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. रात्री दव पडलं असेल तर घरात आणून झाकण न लावता, तोंड खाली करून वाळू द्या, पूर्ण कोरडं झाल्यावरच झाकण लावा. दव रुमालाने पुसायचं नाही. धूळ दिसली तर रबरी फुंकणीने उडवा, उरलेली मऊ ब्रशने. थोड्याशा धुळीने प्रतिमेत काही फरक पडत नाही. पुढची कडी उघडून वस्तुभिंगाच्या दोन काचा मात्र वेगळ्या करू नका. त्यांच्यातलं अंतर आणि एकमेकींच्या मानाने असलेली दिशा बिघडली तर घरी ती पुन्हा जुळवता येत नाही.